पाटी पुसली आणि लाइट गेली

संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर पहिली अक्षरे उमटेपर्यंत दोन-चार सेकंद जातात. तेवढ्या वेळात आत काय चालते, असा प्रश्न विद्यार्थी फारसा विचारत नाहीत आणि आपणही तो त्यांच्यापुढे ठेवत नाही. मलाही तो कधी पडला नव्हता. तो पडला २००४ सालच्या मे महिन्यात, तोही पडदा काळाच राहिला तेव्हा.

मी त्या वेळी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होतो. एका दात्याने शाळेला चार जुने संगणक दिले होते, त्यांपैकी दोन चालत. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये चौघांपुढेही माझी सही होती. चालणाऱ्या दोनपैकी एकाची ४.३ गीगाबाइटची हार्डडिस्क उन्हाळ्यात गेली. तेवढ्या लहान डिस्क बाजारात मिळेनाशा झाल्या होत्या, म्हणून धुळ्याहून ४० गीगाबाइटची नवी डिस्क आणली. ती जोडून यंत्र सुरू केले, तर ते डिस्क ओळखण्याच्या पायरीवरच गोठले. दुकानदाराने फोनवर सांगितले, ‘‘सर, बोर्ड १९९८ चा आहे. बायॉस अपडेट करा, चालेल.’’

बायॉस म्हणजे काय, हे आधी पाहू. संगणकाचा प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर, वीज मिळताच स्मृतीतल्या एका ठरलेल्या पत्त्यावर जातो आणि तेथे लिहिलेली आज्ञा पाळू लागतो. इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ प्रक्रियकात हा पत्ता एक मेगाबाइटच्या टोकाच्या १६ बाइट अलीकडे होता. ३८६ पासून पुढच्या प्रक्रियकांत तो चार गीगाबाइटच्या टोकाच्या १६ बाइट अलीकडे गेला. आपल्या रोजच्या रॅम स्मृतीत वीज येते तेव्हा काहीच अर्थपूर्ण नसते, म्हणून या पत्त्यावर वीज गेली तरी मजकूर धरून ठेवणारी एक चिप बसवावी लागते. त्या चिपमध्ये यंत्राला स्वतःची ओळख करून देणारा छोटा कार्यक्रम असतो. किती रॅम आहे, कळफलक जोडला आहे का, डिस्क कोणती, हे सगळे तो पाहतो आणि मग डिस्कवरच्या विंडोज किंवा लिनक्सच्या हाती कारभार सोपवतो. हा कार्यक्रम म्हणजे बायॉस. ही संज्ञा गॅरी किल्डाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९७० च्या दशकात आपल्या सीपी/एम या प्रणालीतल्या एका भागासाठी वापरली आणि तीच पुढे रूढ झाली.

आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्याचा बायॉस ८ किलोबाइटचा होता आणि तो रॉम चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला होता. ‘कोरलेला’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आपल्या खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटणादेवी परिसरात एक प्रसिद्ध शिलालेख सापडला आहे. शके ११२८ च्या सुमारास, म्हणजे इ.स. १२०६-०७ च्या आसपास, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून मठ स्थापला, त्याची हकिकत त्यात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो विद्वानांपुढे आणला. आठशे वर्षे ती अक्षरे टिकली, कारण ती दगडात होती. पण त्या मठात ज्या ज्योतिषगणिताचा अभ्यास व्हायचा, त्याची गोष्ट उलटी होती. ग्रहांच्या गणिताने काढलेले स्थान आणि आकाशात दिसणारे स्थान यांत काळाच्या ओघात फरक पडतो. तो भरून काढण्यासाठी आपले ज्योतिषी मूळ अंकांना दुरुस्ती देत, तिला ते बीजसंस्कार म्हणत. अंक दगडात कोरले असते तर बीजसंस्कार द्यायचा कुठे?

रॉमच्या कारखानदारांपुढे नेमका हाच पेच होता. कार्यक्रमात चूक सापडली, तर चिपच फेकून द्यावी लागे. पहिला उपाय १९७१ साली निघाला. इंटेलमधले इस्रायली अभियंता डोव्ह फ्रोमन चिपमधल्या एका बिघाडाचा शोध घेत होते. काही ट्रान्झिस्टरांची द्वारे, म्हणजे गेट, जोडणीतून सुटून तरंगती राहिली होती आणि त्यांवर विद्युतभार अडकून बसत होता. बिघाड दुरुस्त करता करता त्यांच्या लक्षात आले, की हा अडकलेला भार म्हणजेच लिहिलेला मजकूर ठरू शकतो. भोवती विद्युतरोधक थर असल्याने तो भार वर्षानुवर्षे गळत नाही. यातून ईप्रॉम चिप जन्मली. मजकूर पुसायचा तर चिपवरच्या क्वार्ट्‌झच्या खिडकीतून अतिनील किरण सोडायचे. इलेक्ट्रॉनांना ऊर्जा मिळते आणि ते निसटून जातात. या कामाला साधारण वीस मिनिटे लागत. साधी काच अतिनील किरण अडवते, म्हणून खिडकी क्वार्ट्‌झची. जुन्या भंगारात ही गोल खिडकीवाली चिप अजूनही सापडते. मिळाली तर वर्गात जरूर दाखवावी, कारण आतली सिलिकनची चकती साध्या भिंगाने दिसते.

१९७८ मध्ये इंटेलच्याच जॉर्ज पर्लेगोस यांनी विजेनेच पुसता येणारी चिप केली. तिचा दोष असा, की ती महाग होती आणि एकेका बाइटसाठी जास्त जागा खाई. मग तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी वेगळा विचार केला. एकेक बाइट वेगळा पुसण्याची सोय काढून टाकली आणि अख्खा गट एकदम पुसायचा ठरवले, तर चिप लहान आणि स्वस्त होईल. एका सहकाऱ्याला हे एकदम पुसणे कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखे वाटले आणि तेच नाव पडले. मासुओकांनी १९८४ साली हे काम जगापुढे मांडले आणि १९८८ मध्ये इंटेलने फ्लॅश चिप बाजारात आणली. मासुओकांना मात्र आपल्या वाट्यासाठी स्वतःच्याच जुन्या कंपनीवर दावा लावावा लागला. २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. आज जगातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये फ्लॅश आहे, हे लक्षात घेता ही रक्कम किती तुटपुंजी, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आता फ्लॅशचा जो गुण, त्यातच तिचा धोका आहे. बायॉससाठी वापरतात त्या फ्लॅशमध्ये १ चा ० करायचा तर एकेक बिट बदलता येतो. पण ० चा पुन्हा १ करायचा असेल, तर अख्खा गट पुसून सगळेच बिट १ करावे लागतात. ही पाटी आहे खरी, पण हिच्यावर एक अक्षर खोडता येत नाही, सगळी पाटीच पुसावी लागते. म्हणजे जुना बायॉस गेलेला आहे आणि नवा अजून आलेला नाही, असा एक क्षण प्रत्येक बदलात येतोच. त्या क्षणी वीज गेली, तर पुढच्या वेळी प्रक्रियक आपल्या ठरलेल्या पत्त्यावर जातो आणि तेथे त्याला फक्त एकांची रांग सापडते. या एकांना त्याच्या भाषेत कोणतीही वैध आज्ञा म्हणून अर्थ नाही. तो तेथेच अडकतो. चिप, मदरबोर्ड, प्रक्रियक, सगळे शाबूत असते आणि तरी यंत्र विटेसारखे पडून राहते.

मला हे काहीच माहीत नव्हते, असे म्हणणे खोटे ठरेल. धुळ्याच्या एका सायबर कॅफेतून मी बायॉसची फाइल आणि ती लिहिणारा कार्यक्रम एका फ्लॉपीवर उतरवून आणला होता, आणि वीज बंद करू नका ही सूचनाही वाचली होती. त्या काळात खानदेशात विजेची स्थिती काय होती, हे तेव्हाच्या शिक्षकांना सांगायला नको. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक केंद्राच्या चिमण्या अहोरात्र धूर सोडत होत्या आणि आसपासच्या गावांत भारनियमन चालू होते. म्हणून मी भारनियमनाची वेळ टाळून दुपारी चारची वेळ निवडली. शिवाय यंत्राला यूपीएस होता आणि त्याचा हिरवा दिवा लागलेला होता.

पडद्यावर चौकोनांची रांग भरू लागली. निम्मी भरली असेल-नसेल तोच पंखा मंदावला. बाहेरून शिपाई ओरडला, ‘‘सर, लाइट गयी!’’ यूपीएसने एकदा कर्कश शिटी वाजवली आणि तोही बंद पडला.

यूपीएसचा हिरवा दिवा फक्त बाहेरून वीज येते आहे एवढेच सांगत होता. बॅटरीत दम आहे की नाही, हे सांगत नव्हता. शिसे-आम्ल बॅटरीबद्दल ढोबळ नियम असा, की तापमान आठ-दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. कारखानदार तिचे आयुष्य २०-२५ अंश सेल्सिअस धरून सांगतात आणि आमच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात पारा चाळिशीपार असे. हे गणित मला येत होते. नववीला रासायनिक अभिक्रियांचा वेग शिकवताना तापमानाचा परिणाम मीच फळ्यावर लिहीत असे. वापरायच्या आधी प्लग काढून बॅटरी पाच मिनिटे तपासावी, हे मात्र सुचले नाही.

धुळ्यातल्या दुकानदाराने यंत्र पाहून निकाल दिला, ‘‘मदरबोर्ड गेला, नवा टाका.’’ नव्या बोर्डाला जुना प्रक्रियक आणि जुनी रॅम चालणार नव्हती, म्हणजे खरे तर नवा संगणकच. मुख्याध्यापक चांगले गृहस्थ होते, पण रजिस्टर उघडून सहीवर बोट ठेवायला ते विसरले नाहीत. वसुली निघाली असती तर माझा महिन्याभराचा पगार गेला असता.

कोणीतरी सांगितले, जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये एक मुलगा आहे, तो असल्या गोष्टी करतो. मदरबोर्ड पिशवीत घालून, फ्लॉपी खिशात ठेवून मी पारोळा-एरंडोलमार्गे जाणारी एसटी पकडली. वीस-बावीस वर्षांचा मुलगा होता तो. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा : ‘‘सर, चालू केल्यावर फ्लॉपीचा दिवा लागतो का?’’

प्रश्नामागे बरेच काही होते. वीज जाण्याचा धोका बायॉस लिहिणाऱ्यांनाही माहीत होता, म्हणून चिपच्या टोकाला काही किलोबाइटचा एक गट ते वेगळा राखत. त्याला बूट ब्लॉक म्हणतात. बाकी सगळे बिघडले तरी हा गट फ्लॉपीवरून नवा बायॉस वाचून लिहू शकतो. अवॉर्ड कंपनीच्या त्या काळच्या बूट ब्लॉकला जुन्या आयएसए पद्धतीचे डिस्प्ले कार्डच तेवढे ओळखता येई, म्हणून नव्या कार्डावर पडदा काळाच राहतो आणि लोकांना वाटते सगळे मेले. फ्लॉपीचा दिवा लागणे ही बूट ब्लॉक जिवंत असल्याची खूण. माझ्या यंत्रात दिवा लागत नव्हता. मी लिहिताना बूट ब्लॉक सोडून द्यायचा पर्याय निवडलाच नव्हता.

‘‘मग शेवटचा तुकडाही गेला,’’ तो शांतपणे म्हणाला आणि आतून तसाच दुसरा एक चालू बोर्ड घेऊन आला.

पुढे त्याने जे केले, ते मी त्यानंतर अनेकदा विद्यार्थ्यांना सांगितले आहे. चालू बोर्डावरची बायॉसची चिप त्याने आधी खोबणीत सैल केली आणि तिच्याखालून रिळाचा दोरा ओवून घेतला. मग फ्लॉपीवरून यंत्र डॉसमध्ये सुरू केले. यंत्र चालू असतानाच दोरा हळूच वर ओढून ती चिप काढून घेतली. मी डोळे मिटले होते. यंत्र मात्र चालूच राहिले! कारण सुरुवातीलाच बायॉसची नक्कल वेगवान रॅममध्ये उतरवली जाते आणि नंतर काम त्या नकलेवर चालते. चिपची गरज संपलेली असते. मोकळ्या झालेल्या खोबणीत त्याने माझी मेलेली चिप दाबून बसवली. तिला ३२ पाय होते आणि एका टोकाला अर्धगोल खाच. खाच उलट्या बाजूला गेली असती, तर उलट वीज जाऊन चिप जळाली असती. मग माझ्याच फ्लॉपीवरचा कार्यक्रम चालवून त्याने ती लिहून काढली. सगळे मिळून दहा मिनिटे लागली. त्याने दीडशे रुपये घेतले.

पैसे घेताना तो म्हणाला, ‘‘पण सर, अपडेट करायचं कारण काय पडलं?’’ मी डिस्कचे सांगितले. तो हसला. ‘‘डिस्कच्या मागे जंपर असतो. तो एक पिन सरकवला की डिस्क स्वतःला ३२ गीगाबाइटची म्हणवून घेते. जुना बायॉस तिला ओळखतो. आठ गीगाबाइट वाया जातात, एवढंच.’’

हा जंपर कारखानदाराने का ठेवला, याचे उत्तर गुणाकारात आहे. बायॉस डिस्कवरची जागा पूर्वी तीन आकड्यांत सांगे : सिलिंडर, हेड आणि सेक्टर. प्रत्येक आकड्यासाठी ठरावीक बिट राखलेले होते आणि प्रत्येक वेळी ते कमी पडले. प्रथम मर्यादा आली १०२४ × १६ × ६३ सेक्टरांची. एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट, म्हणजे सुमारे ५२.८ कोटी बाइट. १९९० च्या दशकाच्या मध्यावर डिस्का याहून मोठ्या झाल्या आणि लोकांचे बायॉस जुने ठरले. मग ८.४ गीगाबाइटची भिंत आली. मग ६५,५३६ × १६ × ६३ × ५१२, म्हणजे सुमारे ३३.८ अब्ज बाइटची. ही तिसरी भिंत १९९९ च्या मध्यापूर्वीच्या अनेक अवॉर्ड बायॉसमध्ये चुकून राहिली होती आणि त्याहून मोठी डिस्क दिसताच ते मोजता मोजता अडकत. माझा बोर्ड त्यांतलाच. चौथी भिंत २८ बिटांची, १३७ गीगाबाइटवर. वर्गात दोनाचे घात शिकवताना हे गुणाकार करून घ्यावेत. विद्यार्थ्यांना ‘‘एवढी जागा कोणाला लागणार आहे’’ या वाक्याची गंमत आपोआप कळते.

अर्थात बायॉस बदलण्याची सगळीच कारणे अशी टाळण्याजोगी नव्हती. सन २००० चा प्रश्न आठवून पाहा. संगणकातल्या घड्याळाची चिप वर्षाचे दोनच अंक मोजत असे आणि शतक कोणते ते बायॉसने सांभाळायचे. १९९४-९५ मधल्या काही अवॉर्ड बायॉसना २००० हे वर्ष पचतच नव्हते. तारीख घातली तरी ती यंत्रात टिकत नसे. चिप बदला किंवा बायॉस लिहा, हाच खात्रीचा उपाय होता.

बायॉस विकणाऱ्या कंपन्यांचा जन्मही असाच एका अडचणीतून झाला. आयबीएमने आपल्या बायॉसची संपूर्ण संहिता छापून प्रसिद्ध केली होती, पण तिचा स्वामित्व हक्क राखला होता. म्हणजे वाचता येईल, नक्कल करता येणार नाही. कॉम्पॅक कंपनीने १९८२-८३ मध्ये यावर वाट काढली. एका गटाने संहिता वाचून ती काय करते एवढेच लिहून काढले. जिने ती संहिता कधी पाहिली नव्हती अशा माणसांच्या दुसऱ्या तुकडीने त्या वर्णनावरून नवा बायॉस लिहिला. फिनिक्स कंपनीने १९८४ पासून अशाच रीतीने केलेला बायॉस कोणालाही विकत द्यायला सुरुवात केली. अमेरिकन मेगाट्रेंड्स ही कंपनी १९८५ मध्ये एस. शंकर आणि पॅट सर्मा यांनी काढली. तैवानमधल्या शेकडो कारखान्यांचे स्वस्त बोर्ड यामुळेच शक्य झाले, आणि ते जळगाव-धुळ्याच्या दुकानांपर्यंत पोहोचले तेही यामुळेच. पण एकाच कंपनीचा बायॉस शेकडो प्रकारच्या बोर्डांवर थोडाथोडा बदलून जाऊ लागला आणि चुकीच्या बोर्डाची फाइल लिहिण्याचा नवा धोका आला. फाइलच्या बाइटांची बेरीज जुळते का, हे लिहिणारा कार्यक्रम तपासतो. बेरीज जुळली म्हणजे फाइल वाटेत बिघडली नाही एवढेच कळते. ती आपल्याच बोर्डाची आहे, हे त्यावरून ठरत नाही. बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेला आवृत्तीचा बारीक आकडा स्वतः वाचावा लागतो.

सुरुवातीच्या फ्लॅश चिपांत एक आडवळणाची सुरक्षा होती. त्यांवर लिहायला १२ व्होल्ट लागत, आणि तो दाब चालू करायला अनेक बोर्डांवर एक जंपर ठेवलेला असे. पेटी उघडून जंपर सरकवल्याशिवाय बायॉसला हात लावता येत नसे. पुढे ५ व्होल्टवर लिहिता येणाऱ्या चिपा आल्या. ज्यादा दाब चिप स्वतःच आत तयार करू लागली आणि जंपर अनावश्यक म्हणून बऱ्याच ठिकाणी गेला. सोय झाली, पण कुलूपही गेले.

त्याची किंमत २६ एप्रिल १९९९ रोजी, एका सोमवारी, जगाने मोजली. तैवानमधल्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने १९९८ मध्ये लिहिलेला सीआयएच हा विषाणू त्या दिवशी जागा झाला. नावातली अक्षरे त्याच्याच नावाची. चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा अपघात १९८६ साली याच तारखेला झाला होता, म्हणून वृत्तपत्रांनी त्याला चेर्नोबिल म्हटले. जेमतेम एक किलोबाइटचा हा विषाणू फाइलमधल्या रिकाम्या फटींत दडून बसे, त्यामुळे फाइलचा आकार वाढत नसे आणि संशय येत नसे. ठरल्या दिवशी तो डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसे आणि, बोर्ड तसा असेल तर, बायॉसच्या चिपमध्ये कचरा लिहून ठेवी. इंटेलच्या ४३०टीएक्स संचाचे बोर्ड त्याला विशेष बळी पडले. दक्षिण कोरिया आणि तुर्कस्तानात मोठे नुकसान झाले, भारतातही हजारो यंत्रे बंद पडली. पुण्यात काटकर बंधूंनी सुरू केलेल्या क्विक हीलसारख्या विषाणूविरोधी कार्यक्रमांची गरज लहान गावांतल्या वापरणाऱ्यांना ज्या घटनांनी पटली, त्यांत ही एक ठळक. त्यापूर्वी विषाणू मजकूर खात असे. यंत्रच उभे न राहणे ही गोष्ट लोकांना नवी होती. आणि दुरुस्तीची रीत तीच, गोलाणी मार्केटमधल्या दोऱ्याची.

यानंतर काही कारखानदारांनी एका बोर्डावर दोन चिपा बसवायला सुरुवात केली. एक बिघडली की दुसरी तिला सावरते. पुढे बायॉसची जागा हळूहळू यूईएफआय या नव्या रचनेने घेतली. २००५ साली तिच्यासाठी कंपन्यांचा संघ स्थापन झाला. या रचनेत नव्या फाइलवरची अंकीय सही पटली तरच ती लिहिता येते अशी सोय करता येते. काही बोर्डांवर तर प्रक्रियक न बसवताही पेन ड्राइव्हवरून चिप लिहिता येते. दुसऱ्या बाजूला चिप खोबणीतून जाऊन आठ पायांची, नखाएवढी, थेट बोर्डावर डाखलेली झाली. तिला दोरा ओवता येत नाही. आता दुरुस्ती करणारे चिमट्यासारखा क्लिप वरून लावतात आणि दुसऱ्या संगणकावरून तिच्यात मजकूर भरतात.

उलट दिशेचेही एक उदाहरण आपल्याच देशात आहे. आपल्या मतदान यंत्रांतला कार्यक्रम एकदाच लिहिता येणाऱ्या चिपमध्ये असतो, असे निवडणूक आयोग सांगतो. तेथे दुरुस्तीची सोय नसणे हाच गुण मानला आहे. शिलालेखच, पण जाणूनबुजून निवडलेला.

आज अद्यतने पुष्कळदा न विचारता येतात, तेव्हा जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला आहे. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रक्रियकांतल्या त्रुटी जाहीर झाल्या. त्यांवरची दुरुस्ती घाईने बायॉसमार्फत वाटली गेली. तिने काही यंत्रे आपोआप पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागली आणि २२ जानेवारीला इंटेललाच ती दुरुस्ती बसवणे थांबवा असे सांगावे लागले. त्याच्या महिनाभर आधी, डिसेंबर २०१७ मध्ये, उबुंटू लिनक्सच्या एका आवृत्तीमुळे काही लॅपटॉपांच्या बायॉसची मांडणी बदलता येईनाशी झाली. तेथे तर कोणी बायॉस बदलायला बसलेही नव्हते. पण २०२४ मध्ये नेमके उलटे घडले. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले काही प्रक्रियक नको तेवढा विद्युतदाब मागत आणि त्यामुळे कायमचे झिजत. ऑगस्ट २०२४ पासून त्यावरची दुरुस्ती नव्या बायॉससोबत येऊ लागली. झालेली झीज तिने भरून येत नव्हती. ‘चालते आहे ना, मग हात लावू नका’ हा आपला आवडता सल्ला ज्यांनी पाळला, त्यांचेच नुकसान त्या काळात वाढत होते. तेव्हा मला कोणी विचारले, की अद्यतन करू का, तर मी उलट विचारतो : नेमक्या कोणत्या दोषासाठी? कारखानदाराच्या टिपणात तो दोष लिहिला आहे का? आणि यूपीएसचा प्लग काढून पाहिलात का?

आमचा तो संगणक त्यानंतर सहा वर्षे चालला. नवा बायॉस असल्याने ४० गीगाबाइट पूर्ण दिसत होते, त्यामुळे जंपर शेवटपर्यंत होता तेथेच राहिला. २०१० मध्ये त्याचे निर्लेखन झाले, तेव्हा रजिस्टरमध्ये त्याच्या ओळीवर तांबड्या शाईने रेघ मारली. भंगारवाला येण्यापूर्वी ती ३२ पायांची चिप मी खोबणीतून काढून घेतली. ती अजून प्रयोगशाळेच्या कपाटात, खिडकीवाल्या ईप्रॉमच्या शेजारी, काड्यापेटीत आहे.